सासूबाईंचं अळणी ताट

आमच्या सासूबाई ज्या दिवशी अळणी जेवत, त्या दिवशी घरात सगळ्यांना धाकधूक लागे. वरणात मीठ नाही, भाजीत मीठ नाही, सुकटीची चटणी केलेली असली तरी ताटात घ्यायच्या नाहीत. उपवास नव्हे की तब्येतीची तक्रार नव्हे. त्याचा अर्थ एकच असे: काल त्या खोटं बोलल्या होत्या. कोणाशी आणि कशाबद्दल, ते सांगायच्या नाहीत. "काल तोंड खराब झालं माझं. आज धुते," एवढंच. मग आम्ही सगळे दिवसभर आठवत बसायचो, की काल म्हातारी आपल्याशी काय काय बोलली. प्रायश्चित्त त्यांचं आणि घाम आम्हाला.

लोकांना अशी माणसं फार आवडतात. दुसऱ्याच्या घरात असली की. "अशी माणसं आता राहिली नाहीत हो" असं कोणी हळहळून म्हणालं की मला विचारावंसं वाटतं, तुम्ही अशा माणसाबरोबर एका स्वयंपाकघरात राहिला आहात का? मी राहिले. टेमघरच्या आमच्या घरात मागे पत्र्याच्या शेडमधल्या कापड विणायच्या लूमची खडखड आणि पुढे ओटीवर सासूबाईंचं खरं बोलणं, या दोहोंच्या मधे माझा संसार झाला. लूम निदान लाइट गेली की बंद पडायचे.

लग्न होऊन आले त्याच आठवड्यात समोरची रेहाना सून बघायला आली. ती तिकडे उत्तरेतल्या मऊ गावची, नवरा मागच्या शेडमध्ये लूमवर. मी आत चहा गाळत होते. बाहेर तिने विचारलं, "दादी, बहू कैसी है?" आता याला काय उत्तर द्यायचं असतं ते जगातल्या कुठल्याही सासूला ठाऊक असतं. आमच्या सासूबाई थोडा विचार करून म्हणाल्या, "सावली हाय. आवाज मोटा हाय. भाकरी जाडी करती. दिल का अभी मालूम न्हाय." माझ्या हातातली गाळणी तशीच राहिली. रेहाना गेल्यावर मी नवी नवरी असूनही धीर करून म्हटलं, "आई, लोकांपुढे तरी चांगलं म्हणायचं." त्या म्हणाल्या, "चांगली निघालीस तर बोलेन ना चांगली. आताच बोलली आनि तू वाईट निघालीस, तर अलनी कोनी खायाचं? मीच ना?" त्या दिवशी माझ्या मनात जी अढी बसली, ती पुढे मी कधी काढायचा प्रयत्नही केला नाही.

त्यांचं माहेर अंजूर. बोलणं शेवटपर्यंत तिकडचंच राहिलं. हा नेम कुठल्या महाराजांनी दिला, असं कोणी विचारलं तर त्यांना हसू यायचं. "म्हाराज कशाला पायजे? खोटं बोलली का झोप न्हाय लागत. मीठ सोडलं का लागते. म्हनून सोडते." देवपूजेचंही त्यांचं तसंच. दिवेलागणीला देव्हाऱ्यापुढे बसायच्या, पण ना जप ना पोथी. डोळे मिटून गप्प. सुरुवातीला मला वाटे डुलकी लागत असेल. एकदा विचारलं तर म्हणाल्या, "सकालपासून बोलली ते निवडते. तांदूल निवडतो तसं. खडे निघतात. रोज निघतात गो, कितीबी जपून बोल." फुलांचं त्यांना कौतुक नव्हतं. "देवाजवल फुलं काय कमी हायेत? त्याला आपलं तोंड साफ पायजे." हे वाक्य आमच्या आळीतले लोक अजून एकमेकांना सांगतात आणि मान डोलावतात. त्यांना डोलवायला काय जातंय.

पाण्याच्या मोटरीचंच घ्या. आमच्या गल्लीत पाणी येतं ते करंगळीएवढ्या धारेने, त्यामुळे थेट लाइनला मोटर लावून ओढायची हे सगळेच करतात आणि सगळेच नाही म्हणतात. एका उन्हाळ्यात गल्लीच्या टोकाच्या घरांत हंडाभरही पाणी चढेना, तेव्हा मोठं भांडण झालं. बायका दारोदार फिरून विचारत होत्या. आमच्या दाराशी आल्या तेव्हा मी पदर खोचून म्हटलं, "आमच्याकडे मोटर? आम्हालाच पाणी नाही!" एवढ्यावर त्या पुढे गेल्या असत्या. पण कोणीतरी ओटीकडे बघून म्हणालं, "दादी, आप बोलो." आणि दादी बोलल्या. "हमारे यहाँ हाय मोटर. बहू लगाती हाय. मोरीत, बालदीच्या खाली." सगळ्या बायकांनी आत येऊन बालदी उचलून बघितली. रेहाना परत जाताना त्यांचा हात डोळ्यांना लावून गेली. त्या दिवसापासून गल्लीने त्यांचं नाव सच्ची दादी ठेवलं. माझं काय ठेवलं ते मी इथे लिहीत नाही.

मी पूर्ण्याला एका गोडाऊनच्या ऑफिसात डिस्पॅचचं काम बघते. नोकरी नवीन असताना चुलतभावाच्या हळदीसाठी सुट्टी मागितली तर शेठ नाही म्हणाला. आमच्याकडे हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. घरच्या माणसाने न जाणं म्हणजे आयुष्यभराची बोलणी. मी ताप आल्याचं कळवलं आणि गेले. मोबाइल घाईत घरी राहिला, शेठचा फोन आला, सासूबाईंनी उचलला. "ताप न्हाय तिला. ठनठनीत हाय. भावाच्या हलदीला गेलीय, हिरवी साडी नेसून." साडीचा रंग सांगायचं काही अडलं होतं का? दुसऱ्या दिवशी शेठने सगळ्यांसमोर विचारलं, "क्यूँ मॅडम, हरी साडीवाला बुखार उतर गया?" नोकरी राहिली, पण ते पुढे कित्येक दिवस चाललं. घरी येऊन मी आदळआपट केली. त्या शांतपणे म्हणाल्या, "ते बी सांगितलं मी त्याला, का काम तू चोख करतंस. ते न्हाय सांगितलं त्याने?" ते त्याने सांगितलं नव्हतं.

हे सगळं मी विसरले असते. घरोघरी सासवा असतात आणि प्रत्येकीची काही ना काही तऱ्हा असते. पण माझ्या मुलीच्या बाबतीत त्यांनी जे केलं ते विसरण्यासारखं नव्हतं.

ऋतुजाला लहानपणी फिट यायच्या. शाळेत असताना दोन-चारदा आल्या, मग औषध लागू पडलं आणि थांबल्या. गोळी मात्र डॉक्टरांनी चालू ठेवायला सांगितली होती. पोरगी शिकली, ठाण्याला एका लॅबमध्ये लागली. मग कल्याणचं एक स्थळ आलं. मुलगा इंजिनीअर, घर चांगलं, माणसं बोलायला गोड. ऋतुजालाही मुलगा आवडला होता, हे मला तिने न सांगता कळलं. आरशासमोरचा तिचा वेळ वाढला होता. नवरा म्हणाला, गोळीचं सांगून टाकू. मी म्हटलं, आधी जमू दे, ती त्यांच्या मनात भरू दे, मग सावकाश सांगू. एकदा फिट हा शब्द निघाला की त्यापुढचं कोणी ऐकत नाही. मी आई आहे, मला माहीत आहे. शाळेतल्या मुलींनी तिच्या बाकावर बसायचं सोडलं होतं, ते मी पाहिलं होतं.

प्रश्न होता सासूबाईंचा. त्यांना त्या दिवशी अंजूरला पाठवावं असं मी म्हटलं, तर नवरा म्हणाला, आजी घरात असून बघण्याच्या कार्यक्रमाला नसली तर लोक उलट चौकशा करतात. तेव्हा आदल्या दिवशी दुपारी मी त्यांच्यापुढे जमिनीवर बसले. पाय धरले. "आई, तुम्हाला खोटं बोलायला सांगत नाही. फक्त गप्प बसा. तुमच्या नातीसाठी." त्यांनी माझे हात पायांवरून काढले. तोंड सुकल्यासारखं दिसत होतं. शेवटी म्हणाल्या, "बरं. न्हाय बोलनार. शब्द देते." त्यांनी शब्द दिला म्हणजे तो दगडावरची रेघ, असं मीच तोपर्यंत लोकांना सांगत असे.

पाहुणे आले. पोहे झाले, चहा झाला. मुलाच्या आईने हसत विचारलं, "तब्येतीचं वगैरे काही नाही ना मुलीचं? आजकाल विचारलेलं बरं." मी म्हटलं, "छे हो, साधी सर्दी होत नाही." सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, नजर जमिनीवर. त्या गप्प राहिल्या. माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात ती बाई त्यांच्याकडे वळली आणि म्हणाली, "आजी, तुमच्याबद्दल फार ऐकलंय आम्ही. टेमघरात म्हणे तुम्हाला सच्ची दादी म्हणतात. तुम्ही सांगितलं की आमची काही शंकाच राहणार नाही."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनी हात जोडले. मग त्यांनी ऋतुजाकडे पाहिलं, आणि त्या बाईला म्हणाल्या, "बारीक होती तवा फिट यायाची. आता न्हाय येत. गोली घेते रोज. पोरगी सोन्यासारखी हाय."

सोन्यासारखी आहे, ते कोणी ऐकलं नाही. पाहुण्यांनी दुसरा चहा घेतला, हवापाण्याच्या गोष्टी केल्या, कळवतो म्हणाले आणि गेले. त्यांनी काय कळवलं ते सांगायला नको.

ते गेल्यावर मी सासूबाईंना जे जे बोलले, ते सगळं मला आठवतं आणि त्यातला एकही शब्द मला परत घ्यावासा वाटत नाही. सगळ्यांत मला लागलं ते वेगळंच. ऋतुजा आजीच्या मांडीवर डोकं ठेवून रडत होती. माझ्या नाही, आजीच्या! आणि मला म्हणाली, "आई, गोळी मी घेते. लाज तुला का वाटते?" त्यानंतर मी सासूबाईंशी बोलणं टाकलं. जेवण वाढायचं, औषध ठेवायचं, कपडे धुवायचे, सगळं करायचं, बोलायचं नाही.

त्या दिवसापासून त्यांच्या ताटातलं मीठही गेलं. दुसऱ्या दिवशी अळणी घेतलं तेव्हा मला वाटलं, हे काय नवीन ढोंग? खरं बोलून पोरीचं वाटोळं केलं आणि वर प्रायश्चित्त? तिसऱ्या दिवशीही अळणी. मग रोजच. त्याच सुमाराला त्यांना बीपीची गोळी सुरू झाली होती. नवरा म्हणाला, डॉक्टरने मीठ बंद केलं असेल. त्याने त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "मना नको मीठ." हेही खरंच होतं. मी विचारलं नाही. आमचं बोलणंच नव्हतं. मी त्यांची आमटी आधी काढून ठेवायची आणि बाकीच्या पातेल्यात मीठ घालायची. अशी वर्षं गेली.

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता त्या बोलताना अडखळायला लागल्या. ऋतुजाला माझ्या नावाने हाक मारत. एकदा उठता उठता पडल्या. दवाखान्यात नेलं, रक्त तपासलं, आणि डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "यांच्या रक्तातलं मीठ फार खाली गेलंय. जेवणातलं मीठ कोणी बंद केलं?" मी म्हटलं, बीपी आहे ना. त्या म्हणाल्या, "कमी करायचं असतं हो, सोडून नाही द्यायचं. या वयात आणि या गोळीबरोबर तर नाहीच." सलाइन लावलं. दोन दिवसांनी त्या भानावर आल्या, माणसं ओळखू लागल्या. डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं, आता तोंडाने मीठ गेलं पाहिजे, नाही तर हे परत होणार आणि पुढच्या वेळी त्या उठतीलच असं नाही.

दुपारी मी पेज घेऊन गेले. मिठाची पुडी काढली तशी त्यांनी वाटीवर हात ठेवला. "अलनी दे."

इतक्या वर्षांनी मी त्यांच्याशी बोलले. "डॉक्टरने सांगितलंय. मीठ खायलाच हवं."

"न्हाय खात."

"का पण?"

त्या छताकडे बघत म्हणाल्या, "तुला शब्द दिल्ता. गप बसेन बोलली. न्हाय बसली. खोटी पडली मी तुझ्याजवल."

मला क्षणभर समजेना. मग समजलं आणि डोकं सणकलं. "तुमचा नेम एका दिवसाचा आहे ना? एक दिवस अळणी आणि तोंड साफ?"

"ज्याच्याशी खोटं बोलली तो दुसऱ्या दिवशी हसून बोलायाचा माझ्याशी. मग कलायाचं, धुतलं तोंड. तू न्हाय बोललीस."

आजूबाजूच्या खाटांवरच्या बायका आमच्याकडे बघायला लागल्या होत्या. पेज निवत होती. मला फक्त ती त्यांच्या पोटात जायला हवी होती. मी म्हटलं, "बरं, केलं माफ. झालं? आता खा."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "खोटं बोलू नको गो. तुला बी अलनी खावं लागल."

मग माझा तोल गेला. मी वाटी आपटली आणि ओरडले. "हो, खोटं बोलले! नाही केलं माफ. करेन असं वाटतही नाही. पहिल्या आठवड्यात जाडी भाकरी म्हणालात तेव्हापासूनचं सगळं लक्षात आहे माझ्या. माझी मुलगी त्या दिवशी आरशासमोर उभी राहिली होती, ते तुम्हाला दिसलं नाही. तुम्हाला फक्त तुमचं तोंड दिसतं, साफ आहे की खराब आहे! आणि आता मिठावाचून मरायला निघालात, तेही माझ्या नावावर. मी माफ केलं नाही म्हणून मेल्या, असं आयुष्यभर वागवू मी? याला नेम म्हणत नाहीत. हे दुष्टपण आहे."

त्यांनी डोळे मिटले होते. दिवेलागणीला मिटायच्या तसेच. मला वाटलं, गेल्या की काय. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "हां. हे खरं बोललीस." मग, "दुष्टपन... हां, हाय. हा खडा दिसलाच न्हाय मना. एवढी वर्सं निवडते, न्हाय दिसला." आणि डोळे उघडून, अगदी साध्या आवाजात, "आन ती पेज. घाल मीठ."

मी पुडी फाडून मीठ टाकलं, ढवळलं आणि भरवायला लागले. त्यांनी पहिला घोट गिळला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाल्या, "खारट केलीस."

शेजारच्या खाटेवरची बाई खो खो हसली. मला हसू आलं नाही. वाटी त्यांच्या डोक्यावर उपडी करावीशी वाटली. पण त्यांनी सगळी संपवली.

त्यानंतर त्या घरी आल्या. होळीपर्यंत होत्या. आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं, म्हणजे भांडणं पुन्हा सुरू झाली. कोणाला वाटेल की शेवटी सगळं गोड झालं असेल, तर तसं काही नाही. ऋतुजाचं लग्न अजून जमलेलं नाही. आता ती पहिल्याच भेटीत स्वतःच गोळीचं सांगून टाकते आणि मुलं चहा संपवून जातात. एक दिवस सासूबाई दुपारच्या झोपल्या त्या उठल्या नाहीत. त्या दिवशी सकाळी त्यांच्या आमटीत मीठ होतं, हे मी नीट आठवून पाहिलं. होतं.

तेराव्याला घर भरलं होतं. अंजूरच्या बायका, गल्लीतल्या बायका, रेहाना कोपऱ्यात डोळे पुसत. नवऱ्याच्या बाजूची कोणीतरी लांबची मामी मला म्हणाली, "एवढी वर्षं काढलीस म्हातारीबरोबर. कशा होत्या गं?" याला काय उत्तर द्यायचं असतं ते जगातल्या कुठल्याही सुनेला ठाऊक असतं. मी म्हटलं, "फार चांगल्या होत्या. आमचं कधी वाकडं आलं नाही."

संध्याकाळी पाहुणे गेले. मी दिवा लावला आणि दमले होते म्हणून तिथेच देव्हाऱ्यापुढे टेकले. डोळे मिटले, तर ती दोन वाक्यं समोर. म्हातारी मेली तरी पिच्छा सोडत नाही, असं म्हणून मी उठणार होते, पण बसून राहिले. दोन वाक्यं बोलले, दोन खडे, दोन्ही उचलून टाकावेत एवढाच हिशोब होता. दुसरं वाक्य उचललं, तो खडाच होता. मग पहिलं उचललं. फार चांगल्या होत्या. ते टाकायला हात वर केला, आणि टाकता येईना. पुन्हा पुन्हा बघितलं. तांदूळ होता. मला इतका राग आला की रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी मी माझी आमटी आधी काढून ठेवली आणि मग पातेल्यात मीठ घातलं.